रसीनचा जिनगर

द्वारका चौक नाशिककरांच्या तोंडी येतो तो मुख्यतः कोंडीसाठी. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो, पुण्याचा रस्ता इथूनच फुटतो आणि काठे गल्ली, वडाळा नाका, जुनं नाशिक अशी सगळी वर्दळ याच चौकात येऊन पडते. या भागातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात शिरा, काउंटरमागच्या फळीवर बरण्यांची एक ओळ ठरलेली असते: हॉर्लिक्स, बोर्नव्हिटा, कॉम्प्लान, प्रोटिनेक्स. तापाच्या गोळ्या आणि खोकल्याच्या बाटल्यांच्या पंगतीला बसल्यामुळे त्यांना औषधाचं वजन आपोआप येतं. गिऱ्हाईकही तसंच मागतं. पोरगं टायफॉइडमधून उठलंय, काहीतरी ताकदीचं द्या.

या ओळीतली सगळ्यांत जुनी बरणी हॉर्लिक्सची. तिच्यावरचं नाव कुणा वैद्याचं किंवा शास्त्रज्ञाचं नाही. ते एका जिनगराचं आणि त्याच्या भावाचं आडनाव आहे. इंग्लंडच्या एका खेड्यातून पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेलेला हा माणूस दुधाची भुकटी विकून गबर झाला आणि ज्या गावाने त्याला आसरा दिला त्या गावावर त्याने सढळ हाताने पैसा खर्च केला. त्या भुकटीविषयी तेव्हापासून आजपर्यंत केले गेलेले दावे एकीकडे आणि त्या पैशांतून गावात उभं राहिलेलं काम दुसरीकडे, असा हा सव्वाशे-दीडशे वर्षांचा हिशेब आहे.

विल्यम हॉर्लिकचा जन्म १८४६चा, ग्लॉस्टरशर परगण्यातल्या रूअरडीन गावचा. धंदा खोगीर आणि घोड्याचं सामान शिवण्याचा. १८६९ साली, तेविसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेची बोट धरली. विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या काठी रसीन नावाचं गाव आहे. तिथे नात्यातल्या जोसेफ हॉर्लिक यांची दगडाची खाण होती. परमुलखात जाणारा माणूस आधी आपल्या माणसाचा पत्ता शोधतो, तसंच हे. पुढच्याच वर्षी त्याने जोसेफची मुलगी अॅराबेला हिच्याशी लग्न केलं. रसीन हे तेव्हा डेन्मार्क, जर्मनी, इंग्लंड अशा ठिकाणांहून आलेल्यांचं वाढतं गाव होतं. उपरा असणं ही तिथे वेगळी ओळख नव्हती, कारण बहुतेक सगळेच उपरे होते.

थोरला भाऊ जेम्स लंडनमध्ये औषधं तयार करण्याचं काम शिकला होता. तो मेलिन नावाच्या कंपनीत होता आणि ही कंपनी तान्ह्या बाळांसाठी वाळवलेलं अन्न विकायची. त्या काळात युरोपभर बाळांच्या अन्नाच्या प्रश्नाने डोकी व्यापली होती. शहरं फुगत होती, बाया गिरण्यांत कामाला जात होत्या, गायीचं दूध लांबून येता येता नासायचं किंवा वाटेत त्यात पाणी पडायचं आणि वरच्या दुधावरची बाळं दगावायची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टस फॉन लीबिग याने १८६५च्या सुमारास गव्हाचं पीठ, जवाचं माल्ट आणि दूध यांची बाळांसाठी एक कृती दिली होती. फ्रँकफर्टहून स्वित्झर्लंडच्या वेव्हे गावी येऊन स्थायिक झालेल्या हेन्री नेस्ले याने १८६७ मध्ये दूध आणि पिठाचं आपलं बाळअन्न बाजारात आणलं. नेस्लेसुद्धा परगावाहून आलेला.

१८७३ साली जेम्स अमेरिकेत आला आणि दोघा भावांनी शिकागोत 'जे. अँड डब्ल्यू. हॉर्लिक्स' नावाने धंदा मांडला. मालाचं नाव सरळ होतं, बाळांचं आणि आजाऱ्यांचं अन्न. दोन-तीन वर्षांतच त्यांनी बिऱ्हाड रसीनला हलवलं. तिथे झऱ्याचं चांगलं पाणी होतं, धान्य जवळ होतं, जागा स्वस्त होती आणि विस्कॉन्सिन हा गायींचा मुलूख होता.

पण अडचण जुनीच होती. हे पीठ दुधात कालवूनच द्यावं लागायचं, म्हणजे ज्या दुधाची भीती तेच दूध पुन्हा लागायचं. विल्यमने दूधच पिठात जिरवायचं ठरवलं. जव भिजवायचे, मोड येऊ द्यायचे, मग भट्टीत वाळवायचे. हे माल्ट आणि गव्हाचं पीठ कोमट पाण्यात घातलं की मोड आलेल्या जवातली पाचकद्रव्यं पिठातल्या स्टार्चची साखर करू लागतात. या रसात दूध मिसळायचं, हवा काढून घेतलेल्या भांड्यात कमी उष्णतेवर पाणी आटवायचं आणि उरलेला कोरडा गोळा दळायचा. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून बाळासाठी सत्त्व करतात त्यातलं पहिलं पाऊल आणि हे पहिलं पाऊल एकच आहे. फरक पुढचा. त्याने दूध त्यातच वाळवलं आणि ते बाटलीत महिनोन्महिने टिकवून दाखवलं. घरी फक्त गरम पाणी ओतायचं. ५ जून १८८३ रोजी विल्यमला या कृतीचं अमेरिकी पेटंट मिळालं, क्रमांक २,७८,९६७. १८८७ मध्ये 'माल्टेड मिल्क' हे नाव त्यांनी व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं.

गंमत अशी की ज्या गिऱ्हाइकासाठी हे केलं होतं त्याच्याहून मोठं गिऱ्हाईक दुसरीकडूनच आलं. आजारातून उठलेले, दात गेलेले म्हातारे, प्रवासी, सैनिक यांनी ही भुकटी उचलली. वजनाला हलकी, लवकर न नासणारी, पाण्यात कालवली की पोटभर. अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानांत सोड्याचे काउंटर असत, तिथे ती थंड दुधात ढवळून देऊ लागले. १९२२ मध्ये शिकागोच्या वॉलग्रीन्स दुकानातल्या आयव्हर कूल्सन या नोकराने त्यात आइस्क्रीमचे गोळे टाकले आणि बाळांचं अन्न तरुण पोरापोरींच्या चैनीचं पेय झालं.

उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या रॉबर्ट पिअरीच्या सामानात हॉर्लिक्स होतं. दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या रोआल्ड अमुंडसनच्या मोहिमेतही होतं आणि विल्यमने त्याला पैशांचीही मदत केली. रिचर्ड बर्ड याच्या १९३३ ते १९३५ या काळातल्या अंटार्क्टिका मोहिमेलाही विल्यमचा हातभार होता. त्या मोहिमेतल्या मोठ्या विमानाचं नावच 'विल्यम हॉर्लिक' होतं आणि त्यातून केलेल्या उड्डाणांत दिसलेल्या एका पर्वतरांगेला हॉर्लिक पर्वत हे नाव मिळालं. ते आजही नकाशावर आहे. यात निव्वळ दानत होती असं समजण्याइतकं भाबडं कुणी राहू नये. बर्फात जगवणारं अन्न ही जाहिरात कुठल्याही भिंतीवरच्या फलकाहून मोठी होती आणि विल्यमला हे चांगलं कळत होतं. पण असे पैसे जगभरात गाजतात आणि गावात दिसत नाहीत. त्याने गावातही दाखवले.

रसीनमध्ये बुरुज-कंगोऱ्यांचा, किल्ल्यासारखा दिसणारा कारखाना उभा राहिला. १९०७ मध्ये त्याने खेळासाठी मैदान केलं, ते हॉर्लिक फील्ड म्हणून ओळखलं जातं आणि पुढे ते शहराचं झालं. अमेरिकी फुटबॉलची राष्ट्रीय साखळी बाल्यावस्थेत असताना, १९२२ ते १९२४ या काळात, रसीनचा संघ हॉर्लिकचं नाव लावून याच मैदानावर खेळला. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू लढाईवर गेले तेव्हा बायकांची व्यावसायिक बेसबॉल साखळी निघाली. १९४३ सालचं तिचं पहिलं विजेतेपद रसीन बेल्स या संघाने मिळवलं आणि त्यांचं घरचं मैदान हेच होतं. विल्यम तोवर वारला होता. एका भुकटीवाल्याने कारखान्याच्या गावासाठी केलेलं मैदान बायकांच्या खेळाच्या इतिहासात जाईल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार.

शाळेसाठी त्याने जमीन दिली. १९२८ मध्ये तिथे सुरू झालेलं विल्यम हॉर्लिक हायस्कूल आजही चालू आहे. मुलगी अॅलिस हिच्या नावाने प्रसूतिगृह उभं केलं. दुधाअभावी मरणाऱ्या बाळांपासून ज्याचा धंदा सुरू झाला त्याने प्रसूतिगृहाला पैसा द्यावा यात एक सरळ संगती आहे. २५ सप्टेंबर १९३६ रोजी नव्वदाव्या वर्षी विल्यम गेला. ज्या गावी जिनगर म्हणून आला त्याच गावी.

जेम्सची वाट वेगळी. तो १८९० मध्ये लंडनला परतला, आधी अमेरिकेतून माल मागवून विकू लागला आणि १९०८ मध्ये लंडनजवळच्या स्लाऊ इथे त्याने कारखाना घातला. १९१४ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. १९२१ मध्ये तो वारला, त्यानंतर धंद्याची वाटणी झाली: अमेरिका खंड विल्यमकडे, बाकी जग जेम्सच्या मुलांकडे. ही वाटणी आपल्या दृष्टीने महत्त्वाची, कारण हिंदुस्थान 'बाकी जगात' पडला. आपल्याकडे आलेलं हॉर्लिक्स रसीनचं नव्हतं, स्लाऊचं होतं. मैदानं, शाळा, प्रसूतिगृह हा भाग तिकडेच राहिला आणि इकडे आली फक्त बाटली.

ती आली पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. ब्रिटिश फौजेतल्या हिंदी शिपायांना शिध्यात हॉर्लिक्स मिळायचं, घरी परतलेल्या शिपायांबरोबर ते पंजाबात गेलं. मग पाठोपाठ कलकत्ता, मद्रास, मुंबई. १९३०च्या दशकात इंग्लंडमधल्या जाहिरातवाल्यांनी 'रात्रीची उपासमार' नावाचा एक आजारच शोधून काढला. माणूस झोपेत उपाशी राहतो, म्हणून सकाळी थकून उठतो, तेव्हा झोपताना एक कप हॉर्लिक्स घ्या. वैद्यकशास्त्रात असा आजार नव्हता. पण इथल्या वर्तमानपत्रांतही या जाहिराती चित्रकथेच्या रूपात झळकल्या आणि कचेरीत साहेबाची बोलणी खाणाऱ्या कारकुनाला आपल्या थकव्याचं कारण सापडलं.

मराठी घरांत या बाटलीला एक ठराविक जागा मिळाली. ती रोजची नव्हती. आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी न्यायची की हॉर्लिक्स न्यायचं, हा ऐपतीचा प्रश्न असायचा. बाळंतिणीच्या खाटेजवळ डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर असायचीच, पण शहरातल्या नातेवाइकाने आणलेली बाटली जरा समोर ठेवली जायची. ती कपाटात वर, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. तरी पोरं खुर्चीवर चढून चमचाभर कोरडी भुकटी तोंडात टाकायची, ती टाळ्याला चिकटायची आणि चोरी पकडली जायची. भुकटी संपली की जाड काचेची बाटली घासून पुसून मेतकुटाला, नाही तर साखरेला लागायची. लेबल खरवडलं तरी अर्धं उरायचंच.

याच काळात मुंबईत आणखी एका दुधाच्या भुकटीने पाय रोवले. तिचा मालकही स्थलांतरित. जोसेफ नेथन हा लंडनचा ज्यू तरुण आधी ऑस्ट्रेलियाला आणि १८५७ मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला गेला, व्यापारी झाला. त्याच्या कंपनीने १९०४ मध्ये बनीथॉर्प गावी दूध वाळवण्याचा कारखाना काढला आणि १९०६ मध्ये त्या भुकटीचं नाव नोंदवलं, 'ग्लॅक्सो'. हे बाळअन्न हिंदुस्थानात विकण्यासाठी १९२४ मध्ये मुंबईत एच. जे. फोस्टर अँड कंपनी स्थापन झाली. पुढे १९५० मध्ये तिचं ग्लॅक्सो लॅबोरेटरीज झालं, बाळअन्नाची औषध कंपनी झाली. द्वारकेवरून आग्रा रोडने मुंबईच्या दिशेने निघालं की सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत लागते. अंबडमधल्या ग्लॅक्सोच्या कारखान्याने नाशिकच्या कित्येक घरांना पगार दिला. तिथे कामाला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्या नावाची सुरुवात न्यूझीलंडच्या एका खेड्यातल्या दुधाच्या कढईत झाली?

इकडे आपल्या मातीतले लोक गप्प बसले नव्हते. पनवेलला वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला होता, म्हणजे हॉर्लिक बंधूंच्या दुकानाच्या आधी एक वर्ष. १९०७ मध्ये नाशिकमध्येच वैद्य शंकर दाजी शास्त्री पदे यांच्या पुढाकाराने आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना झाली. खलबत्त्यात कुटून पुडीत देणारा वैद्य आणि बाटलीवर लेबल लावून देशभर विकणारा कारखानदार यांची ओढाताण तेव्हा चालली होती. च्यवनप्राश, आसवं, अरिष्टं बाटल्यांत भरून विकायची तर विलायती टॉनिकशी त्यांच्याच रीतीने, म्हणजे छापील दाव्यांनी, टक्कर द्यावी लागत होती. दाव्यांची ही भाषा दोन्ही बाजूंनी तेव्हापासून सुरू आहे. विलायती तेवढे खोटे आणि देशी तेवढे खरे, असा हिशेब ठेवणाऱ्याने जुन्या मासिकांच्या शेवटच्या पानांवरच्या टॉनिकच्या जाहिराती एकदा वाचाव्यात.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली. तेव्हा १९५८ मध्ये पंजाबातल्या नाभा इथे हिंदुस्थान मिल्कफूड मॅन्युफॅक्चरर्स ही कंपनी निघाली आणि १९६० पासून तिथे हॉर्लिक्स तयार होऊ लागलं. इथे गायीच्या जागी म्हैस आली. बाळांचं आणि आजाऱ्यांचं अन्न हळूहळू वाढत्या मुलांचं अन्न झालं, कारण आजारी माणूस बरा होतो आणि विकत घेणं थांबवतो, मूल मात्र पंधरा वर्षं वाढतं. मूळ इंग्लंडमध्ये म्हाताऱ्यांचं झोपेचं पेय म्हणून मागे पडलेलं हॉर्लिक्स भारतात सकाळच्या शाळेचं पेय झालं आणि भारत ही त्याची जगातली सगळ्यांत मोठी बाजारपेठ झाली.

मालक बदलत गेले. १९६९ मध्ये बीचम, मग स्मिथक्लाइन बीचम, २००० मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन. म्हणजे रसीनच्या जिनगराचं आणि वेलिंग्टनच्या व्यापाऱ्याच्या भुकटीचं नाव अखेर एका छताखाली आलं. डिसेंबर २०१८ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने ३१,७०० कोटी रुपयांच्या मूल्यांकनाने हा भारतातला धंदा घेण्याचं जाहीर केलं आणि एप्रिल २०२० मध्ये ते विलीनीकरण पुरं झालं.

दाव्यांचं काय झालं? १९९२ मध्ये भारतात बाळअन्नाच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा झाला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलांच्या अन्नाची भलामण करणं गुन्हा ठरलं. आईच्या दुधाला पर्याय विकण्यापायी जगभर झालेली हानी लक्षात घेऊन हे पाऊल उचललं गेलं. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये एका दूरचित्रवाहिनीवर हॉर्लिक्सने मुलं उंच, दणकट आणि तल्लख होतात अशी जाहिरात लागली. ती मुळात दक्षिण आशियासाठी केलेली होती. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने पुरावा नाही म्हणून ती बंद पाडली. इकडे आपण ती वर्षानुवर्षं बघत होतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. त्याच महिन्यात हिंदुस्थान युनिलिव्हरनेही आपल्या या विभागाच्या नावातून 'हेल्थ' हा शब्द काढून टाकला.

दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला काय उरतं? ज्या काळी शहरातलं दूध विषासारखं होतं त्या काळी टिकाऊ, स्वच्छ, पचायला हलकं अन्न देणं हे खरं काम होतं आणि विल्यम हॉर्लिकने ते केलं. उंची, बुद्धी, रात्रीची उपासमार या गोष्टी नंतर विक्रीसाठी चिकटवलेल्या. त्या एकेक करून गळून पडल्या. रसीनचं मैदान, शाळा आणि प्रसूतिगृहाचं दान यांना मात्र कुठल्याही नियामकाची भीती नव्हती. ज्याने गावातून पैसा मिळवला त्याने तो गावात परत लावला, यात सिद्ध करण्यासारखं काही नव्हतं, ते डोळ्यांसमोर उभं होतं.

नाशिक जिल्ह्यातही पौष्टिक खाद्यपदार्थांचा धंदा वाढतो आहे. बचत गटांच्या बाया नाचणीचं सत्त्व, मिश्र डाळींची पिठं पाकिटात भरून विकत आहेत आणि त्यातली काही पाकिटं द्वारकेच्या दुकानांत त्या जुन्या बरण्यांच्या शेजारी बसू लागतील. त्यांनी आपल्या पाकिटावर खरं तेवढंच छापावं. घेणाऱ्यानेही पुढची बाजू सोडून मागची वाचावी. शंभर ग्रॅममध्ये साखर किती आणि प्रथिनं किती हे तिथे लिहिलेलं असतं, दुकानदाराला विचारण्याची गरज पडत नाही. आणि ज्यांच्या कारखान्यांना या मातीने जागा, पाणी आणि मनुष्यबळ दिलं, त्यांच्याकडे गावाने एखादं मैदान, एखादी शाळा, एखादं प्रसूतिगृह मागायला संकोच करू नये. रसीनच्या जिनगराने ते न मागता दिलं होतं.